जेऊरचे ग्रहण

माझे माहेर दौंडचे. सोलापूरहून माहेरी जाताना वाटेत जेऊर स्टेशन किती वेळा लागले असेल! परंतु सूर्य पाहण्यासाठी त्या गावी सातासमुद्रापलीकडून माणसे आली होती, हे मला मुलीकडून अलीकडेच समजले. मी सातवीपर्यंत शिकलेली. काही उणे वाटल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी जेऊरला तळ दिला. पुण्यात २० इंची आरशाची दुर्बीण असलेली तख्तसिंहजी वेधशाळा त्यांनीच उभी केली होती. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेल ४० फुटी कॅमेरा घेऊन आले. पत्नी एलिझाबेथही बरोबर होत्या. एवढा खटाटोप कशासाठी? तर सूर्याभोवतीचे प्रभामंडल एरवी त्याच्या तेजात दिसत नाही. चंद्राने सूर्य पुरता झाकला म्हणजेच दिसते. तेही जेऊरला मिळाले अवघी दोन मिनिटे! एखादा ढग आला असता तर सारे मुसळ केरात.

आता ती वाट पाहावी लागत नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने आदित्य एल-१ हे यान सोडले आणि ६ जानेवारी २०२४ ला ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आपल्या जागी पोहोचले. त्यातील एका दुर्बिणीत तबकडीने सूर्य झाकून रोजच ग्रहण लावतात. दुसरी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने तयार केली. परंतु सूर्य आहे १५ कोटी किलोमीटरवर. म्हणजे आदित्य शंभरातला एकच हिस्सा वाट चालले! अमेरिकेचे पार्कर यान मात्र २०२१ साली प्रत्यक्ष प्रभामंडलात शिरले आणि २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्यापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेले.

मग दुर्बीण मोठी की यान? मला वाटते, गच्चीवरून सारी आळी दिसते, पण कोणाच्या आमटीत मीठ किती ते घरात गेल्यावाचून कळत नाही. पार्कर तेथील कण मोजते. परंतु उष्णतेच्या ढालीआड असल्याने त्याला सूर्याकडे सरळ पाहता येत नाही. सबंध सूर्य पाहावा तो दुर्बिणीनेच.

११ ऑगस्ट १९९९ च्या ग्रहणात मी पहिलटकरीण होते. विळी नको, सुई नको, म्हणून अंधाऱ्या खोलीत तहानलेली पडून राहिले. सासूबाईंची मायाच ती. त्यांना दोष देत नाही. परंतु ग्रहण म्हणजे सावली. तिने पोटातल्या बाळाला इजा होत नाही. नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे मात्र घातकच. त्या वेळी पोटात असलेल्या मुलीनेच मला जेऊरची हकीकत वाचून दाखविली.

पुढच्या ग्रहणाला मंडळाने सूर्यग्रहणाचे चष्मे आणावेत, आणि गर्भवती सुनांना जेवूखाऊ घालून सर्वांबरोबर अंगणात बोलवावे, एवढीच माझी विनंती.