लकव्यानंतर रक्त काय सांगते? शोधाचा इतिहास आणि त्यातले नागपूर

लकवा मारलेला रुग्ण दाखल झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, रक्ताचे रिपोर्ट तर नॉर्मल आले, मग बाबांचा हात का उठत नाही?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधण्यात वैद्यकशास्त्राची साठहून अधिक वर्षे गेली आहेत. त्यातला एक टप्पा आपल्या नागपुरात, बजाजनगरात घडला. आज त्याची माहिती घेऊ.

हृदयाला जमले, मेंदूला का नाही?

1954 मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवले की हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या मेलेल्या पेशींतून एक एन्झाइम रक्तात उतरते. त्याचे नाव एसजीओटी. आज आपण ते लिव्हरच्या तपासणीत वाचतो. पुढे याच वाटेने ट्रोपोनिनची तपासणी आली आणि हार्ट अटॅकचे निदान बरेच सोपे झाले. साहजिकच प्रश्न पडला, की हृदयाला जमते ते मेंदूला का जमू नये?

अडचणी दोन होत्या. पहिली म्हणजे मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक नैसर्गिक गाळणी असते. मेंदूच्या पेशी मेल्या तरी त्यांची प्रथिने रक्तात लगेच आणि पुरेशी येत नाहीत. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे. मेंदूत किती भाग मेला याइतकेच कुठला भाग मेला हेही मोलाचे असते. हात-पाय हलवणाऱ्या नसांचे धागे जिथे एकत्र येऊन खाली उतरतात, तिथे हरभऱ्याएवढा भाग मेला तरी अर्धे अंग लुळे पडू शकते. दुसऱ्या एखाद्या जागी त्याहून मोठा भाग गेला तरी माणूस चालत घरी जातो. रक्तातला आकडा फार तर "किती" हे सुचवतो, "कुठे" हे त्याला सांगता येत नाही.

1965 सालच्या दोन गोष्टी

1965 मध्ये ब्लेक मूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने मेंदूतून एक प्रथिन वेगळे काढले. अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेलेच राहायचे, म्हणून त्याचे नाव एस-100 पडले. पुढे काही वर्षांत त्याच्या प्रयोगशाळेतून आणखी एका प्रथिनाची ओळख झाली. त्याला आज आपण न्यूरॉन स्पेसिफिक इनोलेज, म्हणजे एनएसई म्हणतो. लकव्याच्या रुग्णांत ही दोन्ही प्रथिने पहिल्या काही दिवसांत वाढतात आणि मग उतरतात. पण दोघांतही खोट आहे. एनएसई रक्ताच्या लाल पेशींतही असते. त्यामुळे नमुना काढताना पेशी फुटल्या तर आकडा उगाच वाढतो. एस-100 तर चरबीच्या पेशींतूनही येते.

त्याच 1965 साली अमेरिकेतच फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी एक साधा तक्ता छापला. रुग्ण स्वतः जेवतो का, अंघोळ करतो का, कपडे घालतो का, जिना चढतो का, अशा दहा कामांचे मिळून 100 गुण. सुई नाही, मशीन नाही. त्याआधी 1957 मध्ये ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी रुग्णाच्या परावलंबनाच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. 1989 मध्ये एनआयएचएसएस ही मोजपट्टी आली. तिच्यात नजर, बोलणे, हातापायांची ताकद वगैरे तपासून 0 ते 42 असे गुण देतात. गुण जितके जास्त तितका लकवा तीव्र.

म्हणजे रक्तातून शोधणारी आणि माणसाच्या हालचालीतून शोधणारी, अशा दोन वाटा शेजारी-शेजारी चालत राहिल्या.

बजाजनगरातले काम

या दोन वाटा एकत्र आणण्याचा प्रयत्न जगभर झाला, तसा नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्येही झाला. तिथल्या संशोधन विभागातले राजपाल सिंग कश्यप, हातिम दागिनावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये आयटीआयएच-4 नावाच्या प्रथिनावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नागपूरच्याच 'नीरी'तील शास्त्रज्ञही त्यात सहभागी होते.

यात वेगळेपण काय होते? मेंदूच्या दुखापतीची बहुतेक प्रथिने लकव्यानंतर वाढतात. इथे उलटे दिसले. या प्रथिनाचा एक तुकडा निरोगी माणसांच्या रक्तात होता. रक्तपुरवठा बंद होऊन लकवा झालेल्यांच्या रक्तात तो सुरुवातीला दिसलाच नाही. रुग्ण सुधारू लागला, एनआयएचएसएसचे गुण उतरू लागले, तसा तो हळूहळू परतला. 2012 मध्ये याच गटाने दाखल रुग्णांचे रक्त पुन्हा-पुन्हा घेऊन हे प्रथिन, एस-100, एनएसई आणि सूज दाखवणारी रसायने काळाच्या ओघात कशी बदलतात, हे मांडले.

माझ्या मते यातला खरा धडा एखाद्या प्रथिनाच्या नावापेक्षा या पद्धतीत आहे. एका दिवसाचा आकडा म्हणजे चालत्या गाडीचा एक फोटो. गाडी पुढे जातेय की मागे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एकापाठोपाठ चार फोटो लागतात. मात्र असे अभ्यास थोड्या रुग्णांवरचे असतात, हेही लक्षात ठेवा. "हात कधी हलेल" हे सांगणारी रक्ततपासणी आजही रोजच्या वापरात नाही. तशी कुणी विकत असेल तर पैसे फिजिओथेरपीसाठी राखून ठेवा.

गडचिरोलीचा आकडा

नागपूरहून काही तासांवर गडचिरोली. तिथे 'सर्च' संस्थेतील न्यूरॉलॉजिस्ट डॉ. योगेश्वर कलकोंडे आणि सहकाऱ्यांनी 2011 ते 2013 या काळात 86 गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली. 1599 मृत्यूंपैकी 229, म्हणजे 14.3 टक्के लकव्यामुळे झाले होते. मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. त्यातले 87 टक्के मृत्यू घरीच झाले.

घरीच गेलेल्या माणसाच्या रक्ताचा आलेख कोण काढणार? रोज नमुना घेऊन केलेले संशोधन दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्यांचेच असते. विदर्भातला लकवा त्याहून कितीतरी मोठा आहे.

मग आपण काय मोजायचे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. तुमच्या हातात असलेले "नॉर्मल" रिपोर्ट साखर, किडनी, हिमोग्लोबिन यांचे असतात. मेंदूची जखम त्यात दिसत नाही. तरीही ते कामाचे आहेत, कारण पुढचा झटका टाळायला त्यांचाच उपयोग होतो. एचबीए1सी, कोलेस्टेरॉल, आणि वॉरफेरिनची गोळी सुरू असेल तर आयएनआर, या तपासण्या डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने कराच. बीपी घरीही मोजा.

सुधारणा मोजायला मात्र दोनशे पानी वही पुरते. दर रविवारी तारीख टाकून लिहा: स्वतः उठून बसले का, घास तोंडापर्यंत गेला का, किती पावले चालले, नावे आठवली का. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, त्यानंतरही ती हळूहळू चालू राहते. फेरतपासणीला येताना ही वही नक्की आणा.

आणि लकव्याची शंका येते त्या क्षणी कुठल्याही रिपोर्टची वाट पाहू नका. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, की वेळ लिहून ठेवा आणि 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सर्वांनाच लागणारी रक्ताची तपासणी एकच आहे, साखरेची. बोटाला सुई टोचून ती मिनिटभरात होते. बाकीचे काम सीटी स्कॅनचे आहे, म्हणून सीटी स्कॅन असलेल्याच दवाखान्यात रुग्णाला न्या.