नावारा : संत फ्रान्सिस झेवियर यांची मायभूमी

संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण आपण दर डिसेंबरात भक्तिभावाने साजरा करतो. परंतु ज्या भूमीने त्यांना घडविले, ती आपल्याला फारशी परिचित नाही. स्पेनच्या उत्तरेस, फ्रान्सच्या सीमेला लागून असलेला नावारा हा तो प्रांत. क्षेत्रफळ सुमारे १०,३९१ चौरस किलोमीटर. उत्तरेस पिरेनीजची हिरवीगार खोरी, दक्षिणेस एब्रो नदीचा सुपीक काठ व बार्देनासचा उजाड प्रदेश. पाम्पलोना ही राजधानी.

नावारा एके काळी स्वतंत्र राज्य होते. १५१२ साली कॅस्टिलच्या सैन्याने ते जिंकले, तेव्हा झेवियर सहा वर्षांचे होते. १५१६ मध्ये त्यांच्या वाड्याचे बुरूज पाडण्यात आले. १५२१ मध्ये त्यांचे बंधू नावारासाठी लढले. त्याच वर्षी कॅस्टिलच्या बाजूने पाम्पलोनाचा किल्ला लढविताना इग्नेशियस लोयोला जखमी झाले.

१८४१ च्या कायद्याने राज्याचा दर्जा संपून नावारा स्पेनचा प्रांत झाला. 'फुएरोस' हे परंपरागत हक्क मात्र पूर्णपणे लोपले नाहीत. १९८२ पासूनच्या स्वायत्त व्यवस्थेतही प्रांत आपले कर स्वतः गोळा करतो आणि ठरलेला वाटा मध्यवर्ती शासनाला देतो. हरलेल्या प्रजेने आपली ओळख अशी जपली.

झेवियर यांनी निराळी वाट धरली. पॅरिसमध्ये त्याच इग्नेशियस यांच्यासह ते एका खोलीत राहिले, त्यांचे जिवलग झाले आणि १५४२ मध्ये गोव्यात उतरले. गाव आणि पक्ष यांवरून आपल्या धर्मग्रामांत तट पडतात, तेव्हा आपण ती खोली आठवावी.