महाद्वाराच्या माथ्यावरचा नाद

पुणे-सोलापूर हमरस्ता ज्या ठिकाणी दौंड-बारामतीच्या रस्त्याला छेदतो, त्या कुरकुंभची ओळख आजच्या पिढीला औद्योगिक वसाहतीमुळे अधिक आणि ग्रामदैवत फिरंगाईमुळे त्या खालोखाल असली, तरी या मुलखात ध्वनीला उंचावर स्थान देण्याची जी जुनी रीत होती, तिचे स्मरण ठेवणारे आता थोडेच उरले आहेत. पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत नव्या बंगल्यांच्या दिवाणखान्यात छतातून ध्वनी उतरविणारे स्पीकर बसविण्याची हौस वाढत असता, ही कल्पना सर्वस्वी परदेशी असून आपल्याकडे तिला पूर्वपीठिका नाही, असा समज रूढ होऊ पाहतो. तो मला मान्य नाही. कारण नाद कोठे ठेवावा, किती उंचीवर ठेवावा आणि तो ऐकणाऱ्याच्या कोणत्या अंगाने यावा, याचा विचार आपल्या राज्यकर्त्यांनी आणि देवस्थानांनी दगडात बांधून ठेवलेला आहे, आणि त्या बांधकामाचे नाव नगारखाना.

दौंड तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या भीमेपलीकडे, शिरापूरच्या समोरच्या तीरावर सिद्धटेकचे सिद्धिविनायकाचे स्थान आहे. तेथील नगारखाना पेशवाईतील सेनानी हरिपंत फडके यांनी बांधविल्याचे सांगतात. जेजुरीस गडाच्या महाद्वारावर नगारखाना आहे. पुण्यात शनिवारवाड्याचा अंतर्भाग 1828च्या आगीत भस्मसात झाला, पण दिल्ली दरवाजावरचा नगारखाना मात्र त्यातून वाचला आणि अद्याप उभा आहे. रायगडावर, जेथे 6 जून 1674 रोजी शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेथे सिंहासनासमोर सुमारे दोनशे फुटांवर नगारखान्याचा उत्तुंग दरवाजा आहे, आणि त्या दरवाजात हळू बोललेले सिंहासनापाशी ऐकू जाते, याचा प्रत्यय गडावर जाणारा प्रत्येक जण घेऊ पाहतो. ध्वनीच्या गतीचा अंदाज बांधून इमारत उभारणारे गवंडी आपल्याकडे होते, याला याहून निराळा पुरावा नको.

नगारखान्यात झडणारी नौबत, म्हणजे ठरावीक वेळी होणारे नगाऱ्यांचे वादन, हा मूळचा पातशाही मानमरातब. अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या नगारखान्यातील वाद्यांची जी यादी दिली आहे, तीत मोठ्या दमाम्यांच्या अठरा जोड्या आणि नगाऱ्यांच्या सुमारे वीस जोड्या यांच्यासह नऊ सनया नोंदविल्या आहेत, आणि खुद्द बादशहा नगारा वाजविण्यात निष्णात होता असेही म्हटले आहे. मराठी राज्यात हा मान छत्रपतींकडून सरदारांना बहाल होऊ लागला; जरीपटक्याप्रमाणे नौबत हेही पराक्रमाचे पारितोषिक ठरले, आणि राज्याच्या अठरा कारखान्यांत तोफखाना, पीलखाना, जामदारखाना यांच्या पंक्तीला नगारखाना जाऊन बसला. देवही राजाच, म्हणून देवाच्या दारी नगारे-सनईचा चौघडा आला. पहाटेच्या काकड आरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत गावाचा दिवस त्याने बांधला. वाजविणारे गुरव अथवा घडशी. त्यांच्या चाकरीबद्दल इनाम जमिनी लावून दिलेल्या असत, आणि नगाऱ्यावर टिपरी पडण्यात खंड पडू नये ही त्या इनामाची अट असे.

आता हे सारे महाद्वाराच्या माथ्यावरच का, जमिनीवर का नाही? मान हे एक कारण झाले. दुसरे कारण शुद्ध व्यवहाराचे आहे. यात्रेच्या दिवशी चौकात दाटलेली माणसांची गर्दी ध्वनी शोषून घेते, आणि कोटाची भिंत त्याला आडवी येते. तोच ध्वनी कमानींच्या उघड्या सज्ज्यातून, डोक्यांवरून सोडला की आतल्या चौकात आणि बाहेरच्या पेठेत सारखाच पोहोचतो. पण याहूनही सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे. उजव्या-डाव्या बाजूचा ध्वनी आपण दोन कानांत पडणाऱ्या वेळेच्या आणि जोराच्या फरकावरून ओळखतो. उंचीच्या बाबतीत मात्र हा फरक उपयोगी पडत नाही, कारण डोक्यावरचा ध्वनी दोन्ही कानांना एकाच वेळी भेटतो. तेथे कामास येतात त्या बाह्यकर्णाच्या वळ्या, ज्या उच्च स्वरांत बारीक फेरफार करतात आणि त्या फेरफारांवरून ध्वनी वरून आला की खालून, हे मेंदू ठरवितो. नगाऱ्याचा खर्ज त्या वळ्यांना जुमानत नाही. तो साऱ्या आसमंतात भरून राहतो आणि तो किती उंचावरून येतो हे सांगता येत नाही. सनईचा तीक्ष्ण, अनेक उपस्वरांनी भरलेला नाद मात्र थेट दरवाजाच्या माथ्याकडे बोट दाखवितो. नगारा आणि सनई यांची सांगड ज्यांनी घातली त्यांना हे शास्त्र पुस्तकातून ठाऊक नव्हते. पण त्यांचे कान ते जाणत होते, असे मला निश्चयाने वाटते.

इंग्रजी अमलात इनामांची चौकशी सुरू झाली, 1852च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि दरबारी नौबतीचा आश्रय आटला. देवस्थानांचा चौघडा कसाबसा तग धरून राहिला. पुढे विजेवर चालणारा कर्णा देवळाच्या शिखराशी बांधला गेला, आणि घंटा, झांज, नगारा एकाच मोटारीने बडविणारी यंत्रे गाभाऱ्याबाहेर आली. उंची राहिली, वादक गेला. ही हानी लहान नव्हे.

उलट चित्रपटाच्या ध्वनीने पुष्कळ काळ उंचीचा विचारच केला नाही. ‘प्रभात’ चित्रसंस्थेने 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलता केला, विष्णुपंत दामल्यांसारख्या कसबी माणसाने ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली. पण प्रेक्षकांपर्यंत तो ध्वनी पोहोचे तो पडद्यामागूनच, आणि गावोगावच्या तंबूत तर एकाच कर्ण्यातून. 1940च्या ‘फँटेशिया’ या चित्रपटाने प्रेक्षकांभोवती ध्वनी फिरविला. छतातून ध्वनी उतरविण्याची डॉल्बी अ‍ॅटमॉस ही पद्धत 2012 साली ‘ब्रेव्ह’ या चित्रपटाबरोबर चित्रगृहात आली, आणि 2014 पासून घरांत.

घरातल्या छतावरील स्पीकरांच्या मांडणीचा हिशेब सोपा आहे, आणि तो स्लॅब पडण्यापूर्वीच करावा, म्हणजे तारांच्या नळ्या आतून नेता येतात. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साडेतीन फुटांवर आणि छत साडेनऊ फुटांवर धरले, तर दोहोंतील अंतर सहा फूट. पंचेचाळीस अंशांचा कोन साधावयाचा असेल तर पुढची जोडी श्रोत्याच्या सहा फूट पुढे आणि मागची जोडी तितकीच मागे यावी, व त्यांची रुंदी समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरांच्या रेषेत असावी. एकच जोडी परवडत असेल तर ती माथ्यावर, किंचित पुढे. छतावर ध्वनी आपटून खाली आणणारे स्पीकरही मिळतात. परंतु त्यांना सपाट, कठीण आणि बेताच्या उंचीचे छत लागते, उतरत्या पत्र्याखाली अथवा मातीच्या माळवदाखाली ते निरुपयोगी ठरतात. निवड करताना खर्जाचा मोह धरू नये. खर्ज कोठून येतो हे कानाला कळत नाही, तेव्हा तो खोलीतल्या सबवूफरकडे सोपवावा, आणि वर असे स्पीकर द्यावेत ज्यांचा उच्च स्वर स्वच्छ आहे, जे विस्तृत कोनात ध्वनी पसरवितात आणि ज्यांचा पोत समोरच्या स्पीकरांशी जुळतो. नगारा आणि सनईची जुनी विभागणी येथे जशीच्या तशी लागू पडते.

एवढी सामग्री उभी करून तिच्यातून केवळ परदेशी विमानांची घरघर ऐकावी, हे मला पटत नाही. ऐतिहासिक मराठी चित्रपटांत स्वारी गडाच्या महाद्वारातून आत शिरते, नगारा झडतो, आणि तो ध्वनी समोरच्या पडद्यातून सपाट ऐकू येतो. वास्तविक त्या दरवाजाकडे चालत येणाऱ्याला चौघडा आधी पुढे उंचावर, मग कमानीखाली नेमका माथ्यावर आणि आत गेल्यावर पाठीशी वर ऐकू येत असे. छतातले चार स्पीकर हा प्रवास हुबेहूब घडवू शकतात. त्यासाठी एखाद्या ध्वनिमुद्रकाने उत्सवाच्या दिवशी, जेथे अजून माणसे चौघडा वाजवितात अशा महाद्वाराखाली आणि माथ्यावर, दोन्हीकडे मायक्रोफोन लावून तो टिपला पाहिजे.