कसाव्याची भाकरी, समुद्राची वाट



उपासाला आपण साबुदाणा भिजत घालतो, पण तो होतो कशापासून, याचा विचार फारसा करत नाही. साबुदाणा होतो कसावा नावाच्या कंदापासून. हा कंद मूळचा अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांच्या काळात तो भारतात आला, आणि आज तमिळनाडूत सेलमच्या भागात त्याचा साबुदाणा करणारे कितीतरी कारखाने आहेत. आज आम्ही ज्या लोकांची गोष्ट सांगणार आहोत, त्यांची भाकरी याच कंदाची असते. त्या लोकांचं नाव गारिफुना.

मध्य अमेरिकेत बेलीझ नावाचा एक लहानसा देश आहे. सगळ्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. पूर्वी त्याला ब्रिटिश होंडुरास म्हणत. २१ सप्टेंबर १९८१ रोजी तो स्वतंत्र झाला. तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर डांग्रिगा हे गाव आहे, आणि त्याच्या खाली हॉपकिन्स. तिथे परदेशी पाहुणे तीन-चार दिवसांच्या सहलीला येतात. एक दिवस गावात राहून गारिफुना जेवण, ढोल आणि नाच. एक दिवस होडीने प्रवाळाच्या बेटांवर. एक दिवस मागच्या डोंगरातल्या घनदाट जंगलात.

आम्ही ही गोष्ट निवडली त्याला कारण आहे. आपल्याही गटांच्या बैठकांत आता घरगुती मुक्काम, गावचं जेवण, गावदर्शन असे विषय निघतात. मग प्रश्न येतो, पाहुण्यांना दाखवायचं काय? गारिफुना बायकांनी जे जपलं, त्यात या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. पण त्यासाठी सव्वादोनशे वर्षांहूनही मागे जावं लागेल.

कॅरिबियन समुद्रात सेंट व्हिन्सेंट हे बेट आहे. गारिफुना भाषेत त्याला युरुमेइन म्हणतात. तिथे मूळचे कॅरिब लोक राहत. सतराव्या शतकात आफ्रिकेतले लोकही तिथे आले. कुणी गुलामांच्या फुटलेल्या जहाजातून वाचलेले, कुणी शेजारच्या बेटांवरच्या मळ्यांतून पळून आलेले. दोघांच्या सोयरिकीतून जो समाज झाला, तो गारिफुना. आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांची ही मुलंबाळं, पण ती गुलाम नव्हती. त्यांची स्वतःची जमीन होती, स्वतःचे पुढारी होते.

१७६३ च्या तहाने हे बेट इंग्रजांकडे गेलं. इंग्रजांना उसाच्या मळ्यांसाठी जमीन हवी होती, आणि चांगली जमीन होती या लोकांकडे. लढाई झाली. १७७३ मध्ये तह झाला, पण तो टिकला नाही. १७९५ मध्ये पुन्हा युद्ध पेटलं. गारिफुनांचे पुढारी जोसेफ शातोये त्याच वर्षी १४ मार्चला मारले गेले. आज ते सेंट व्हिन्सेंटचे राष्ट्रीय वीर मानले जातात.

पुढे जे झालं ते ऐकताना अंगावर काटा येतो. हरलेल्या लोकांना, बायकापोरांसकट, इंग्रजांनी बालिसो नावाच्या छोट्या, कोरड्या बेटावर नेऊन ठेवलं. चार हजारांहून अधिक माणसं. पुरेसं पाणी नाही, अन्न नाही, साथ पसरलेली. काही महिन्यांत जवळपास निम्मे लोक गेले. अंगाचा रंग पाहून माणसं निवडली. जे उजळ दिसले त्यांतल्या बऱ्याच जणांना मागे राहू दिलं, काळ्यांना जहाजात भरलं. १७९७ च्या एप्रिलमध्ये दोन हजारांच्या आसपास माणसं होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर उतरवली गेली. गावापासून शेकडो कोस दूर, परक्या मुलखात.

तिथून हे लोक मुख्य किनाऱ्यावर गेले आणि होंडुरास, ग्वाटेमाला, निकाराग्वा, बेलीझ अशा चार देशांच्या काठाने पसरले. बेलीझमध्ये मोठा जथा आला तो १९ नोव्हेंबर १८३२ ला, होड्यांतून. होंडुरासमधल्या यादवीत ज्या बाजूला ते उभे राहिले, ती बाजू हरली होती. म्हणून पुन्हा घर सोडावं लागलं. थॉमस व्हिन्सेंट रामोस या कार्यकर्त्यांनी या दिवसाची आठवण ठेवायचं ठरवलं, आणि १९४१ मध्ये तो पहिल्यांदा साजरा झाला. १९७७ पासून १९ नोव्हेंबरला साऱ्या बेलीझ देशात सुट्टी असते. त्या दिवशी पहाटे लोक होड्यांतून ढोल वाजवत किनाऱ्याला येतात. पूर्वज उतरले तसे उतरतात.

आता मैत्रिणींनो, विचार करा. ज्यांची जमीन गेली, निम्मी माणसं गेली, ज्यांच्याकडे लिहिलेला कागद नव्हता, त्यांचा इतिहास टिकला कसा?

एक तर तो टिकला चुलीपाशी. त्यांच्या भाकरीला एरेबा म्हणतात. तिच्यासाठी लागणारा कसावा कडू जातीचा असतो. तो कच्चा खाल्ला तर विष आहे. म्हणून तो सोलायचा, बारीक दगड ठोकून बसवलेल्या लाकडी फळीवर किसायचा. मग तो कीस विणलेल्या लांब नळीसारख्या पिशवीत भरायचा. तिला रुगुमा म्हणतात. ती टांगून खालच्या टोकाला ओढ द्यायची, की विषारी रस निथळून जातो. उरलेलं पीठ वाळवायचं, चाळायचं आणि मोठ्या तव्यावर पातळ पसरून भाजायचं. नीट भाजलेली ही भाकरी कित्येक महिने टिकते. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला याहून चांगली शिदोरी नाही. एकटीदुकटीचं हे काम नव्हे. चारचौघी जमतात, आणि किसताना गाणी म्हणतात. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या, तसंच.

दुसरं, इतिहास टिकला गाण्यात. गारिफुना गाणी पुष्कळदा बायकांनीच रचलेली असतात. बाळंतपण, नवऱ्याशी भांडण, परदेशी गेलेला मुलगा, वादळ, काहीही त्यात येतं. ३१ ऑक्टोबर १९६१ ला हॅटी नावाच्या चक्रीवादळाने हा किनारा झोडपून काढला. त्या वादळावरही बाईचं गाणं आहे. इव्हान दुरान या बेलीझच्या संगीतकाराने अनेक वर्षं गावोगाव फिरून बायकांची गाणी गोळा केली. हॉपकिन्सला समुद्रकाठच्या झोपडीत ध्वनिमुद्रणाची यंत्रं मांडली, आणि २००८ मध्ये ‘उमालाली’ नावाचा संग्रह निघाला. त्यात गाणाऱ्या बायका कुणी मोठ्या गायिका नव्हत्या. घर, मुलं, शेत सांभाळणाऱ्या होत्या.

आणि तिसरं, इतिहास टिकला सांगण्यात. परंपरेत सांगतात, की शातोयेंची गुलिसी नावाची मुलगी हद्दपारीतून वाचून बेलीझला आली, आणि युरुमेइनची हकिगत आपल्या मुलांना सांगत राहिली. मुलांनी ती नातवंडांना सांगितली. डांग्रिगाला गारिफुना लोकांचं संग्रहालय आहे, त्याला याच गुलिसीचं नाव दिलं आहे. लढणाऱ्या बापाचा पुतळा होतो हे आपण पाहतो. इथे आठवण सांगणाऱ्या लेकीच्या नावाने संग्रहालय आहे.

या सगळ्याची दखल जगाने घेतली. गारिफुना भाषा, नाच आणि संगीत हा मानवजातीचा ठेवा आहे, असं युनेस्कोने २००१ मध्ये जाहीर केलं. पण ठेवा म्हटला, की तो हरवण्याची भीतीही आली. अँडी पालासियो हे बेलीझचे गारिफुना गायक. तरुणपणी, १९८० मध्ये, ते साक्षरतेच्या कामासाठी निकाराग्वात गेले. तिथल्या एका म्हाताऱ्या गारिफुनाशी ते त्याच्याच भाषेत बोलले, तेव्हा त्या माणसाला विश्वास बसेना. त्या देशात ही भाषा बोलणारे तरुण उरलेच नव्हते. पालासियोंनी पुढचं आयुष्य या भाषेतल्या गाण्यांना दिलं. आजही हजारो गारिफुना न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसला पोटासाठी गेले आहेत. तिथे वाढणारं मूल भाकरी खातं, ढोलावर नाचतंही. पण आजीचं बोलणं त्याला कळतंच असं नाही.

आता सहलीतला समुद्राचा दिवस. हॉपकिन्सच्या समोर समुद्रात प्रवाळाची रांग आहे. बेलीझच्या किनाऱ्याने ती सुमारे ३०० किलोमीटर जाते, आणि अशा रांगांत जगात दुसरी मोठी समजली जाते. ही रांग मोठ्या लाटा बाहेरच फोडते, म्हणून आतलं पाणी शांत असतं आणि तिथे मासळी वाढते. गारिफुनांच्या ताटातलं ‘हुदुत’ म्हणजे उखळात कुटलेली केळी आणि नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण. ते या प्रवाळाच्याच जिवावर. आपल्या कोकणातल्या बहिणींना हा वास ओळखीचा वाटेल. १९९६ मध्ये ही रांग जागतिक वारसा ठरली. खारफुटी तोडून बेटं विकायला लागल्यावर २००९ मध्ये तिचं नाव धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेलं. लोकांनी आवाज उठवला, सरकारने समुद्रात तेल काढायला कायद्याने बंदी घातली, आणि २०१८ मध्ये नाव त्या यादीतून निघालं.

मग जंगलाचा दिवस. कॉक्सकोम नावाचं एक लाखाहून अधिक एकरांचं अभयारण्य मागच्या डोंगरात आहे. तिथे जॅग्वार राहतो, आपल्या बिबट्याहून दणकट असा प्राणी. १९८४ मध्ये तिथे शिकार बंद झाली, १९८६ मध्ये जॅग्वारचं अभयारण्य झालं. जगातलं अशा प्रकारचं हे पहिलं. पण त्या जंगलात माया लोकांची वस्ती होती, शेती होती. त्यांना बाहेर यावं लागलं. हे लोक गारिफुना नव्हेत, त्यांची भाषा आणि रीत वेगळी. अभयारण्याच्या वाटेवर माया सेंटर नावाचं त्यांचं गाव आहे. तिथल्या बायकांनी गट केला, आणि आत जाणारा पाहुणा जिथून जातो तिथेच आपल्या हस्तकलेचं दुकान मांडलं. टोपल्या, कोरीव दगड, भरतकाम. जंगल गेलं, पण जंगलाच्या दाराशी त्या स्वतः बसल्या.

तर हे तीन दिवस आम्ही एकत्र का सांगितले? पाहुण्याला वाटतं, आपण जेवण, समुद्र आणि जंगल पाहिलं. खरं तर त्याच्या ताटात आणि कानात जे पडतं, ते बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं काम असतं. त्या कामाचा मोल ठरवण्याचा हक्क कुणाकडे आहे, यावर सगळं अवलंबून आहे. हॉपकिन्समध्ये आता मोठी हॉटेलं आली आहेत, आणि समुद्राकाठची जमीन विकली गेली की परत येत नाही. हॉटेलात पाहुण्यांसाठी ढोल वाजतो तेव्हा वाजवणारा गावचा असतो, पण आजचं गाणं कोणतं आणि किती वेळ, हे मालक ठरवतो. तेच एखाद्या घराच्या अंगणात, स्वतः कसावा किसणाऱ्या बाईने दाखवलं, तर पैसाही तिचा आणि गोष्टही तिची.

याच देशाच्या दक्षिणेला टोलेडो जिल्ह्यात गावांनी १९९० मध्ये एक रीत बसवली. बहुतेक गावं माया लोकांची, आणि बारांको हे गारिफुनांचं. गावाने पाहुण्यांसाठी एक साधं घर बांधायचं. पाहुणे गावागावांत पाळीने पाठवायचे. जेवणही पाळीने वेगवेगळ्या घरी. म्हणजे एकीचंच घर भरत नाही, आणि रोज रोज पाहुणे येऊन कुणाचं जगणं अडतही नाही. हिशोब आणि पाळी, या दोन्ही गोष्टी बचत गटाच्या बाईला कुणी शिकवायला नकोत.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. ज्या गटांना पाहुण्यांचं काम सुरू करायचं आहे, त्यांनी गाद्या आणि चादरी घेण्याआधी एक वही घ्यावी. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या चार बायांकडे जावं. गाव इथे कधी वसलं, कुठून आलं, कोणता दुष्काळ, कोणता पूर, कोणतं धान्य तेव्हा खायचे, ते कसं टिकवायचे, कोणती गाणी म्हणायचे, हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं. आवाज मोबाइलवर भरून ठेवावा. मग बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात. यातलं पाहुण्यांना काय सांगायचं आणि काय घरचं घरात ठेवायचं? सांगणार कोण? आणि आलेला पैसा किती घरांत जाणार?

गारिफुनांकडे जमीन नव्हती, सत्ता नव्हती, कागद नव्हता. कसाव्याची किसणी होती, गाणं होतं, आणि ऐकणारी मुलं होती. आपल्याकडे त्याहून पुष्कळ आहे. म्हाताऱ्या आज्या मात्र फार दिवस थांबणार नाहीत. पुढच्या बैठकीच्या आधी एकीकडे तरी जाऊन या.

आजच्यापुरतं इतकंच.