शंभर डॉलरचा लॅपटॉप आणि आपलं घर

घरासाठी स्वस्तातला लॅपटॉप कोणता घ्यावा, असं हल्ली बरेच जण विचारतात. मुलगी अकरावीला गेलेली असते, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात, अब्बांच्या पेन्शनचे कागद असतात. मोबाइलवर हे सगळं होतं, पण डोळे जातात. मी मॉडेलचं नाव सांगत नाही, ते सहा महिन्यांत बाजारातून जातं. मी इतिहास सांगतो. ऐकणारा जरा कंटाळतो, पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत 'गरिबांचा कॉम्प्युटर' कोणी, कसा आणि काय काय छाटून बनवला, हे कळलं की दुकानात फसायची शक्यता बरीच कमी होते.

सुरुवात आपल्याकडूनच झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि काही इंजिनियर यांनी 2001 च्या सुमारास 'सिम्प्युटर' मांडला. हातात मावणारं यंत्र, भारतीय भाषांत बोलून दाखवणारं, किंमत 9,000 रुपयांच्या आसपास ठेवायचा इरादा. एकच यंत्र गावातल्या अनेकांनी वापरावं, प्रत्येकाची माहिती आपापल्या स्मार्ट कार्डावर असावी, ही कल्पना मला आजही आवडते. यंत्र बाजारात यायला 2004 उजाडलं, आणि तोवर लोकांच्या हातात मोबाइल आला होता.

मग 2005 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिसमधल्या परिषदेत त्याचा नमुना दाखवला. वीज नसलेल्या गावासाठी त्याला हाताने फिरवायचा दांडा होता. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी तो फिरवायला घेतला आणि तो निखळून हातात आला. पुढे कारखान्यातून बाहेर पडलेल्या लॅपटॉपला दांडा नव्हताच.

यंत्र मात्र टाकाऊ नव्हतं. मेरी लू जेप्सेन यांनी त्याचा पडदा असा बनवला होता की भर उन्हातही अक्षरं वाचता यायची. पंखा नाही, हार्ड डिस्क नाही, कीबोर्ड रबरी पडद्याखाली बंद, त्यामुळे धूळ-पाण्याची भीती कमी. अडचण किंमतीची होती. 2007 मध्ये ती शंभर नव्हे, दोनशे डॉलरच्या आसपास गेली.

भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2006 मध्येच या योजनेला नकार दिला होता. वर्गखोल्या आणि शिक्षक आधी हवेत, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल सरकारला सादर झाला. आपल्या मुलांच्या शाळागळतीचे त्यातले आकडे ज्यांनी वाचलेत, त्यांना मंत्रालयाचं म्हणणं सहज पटेल. मलाही पटतं. तरी एक छोटा प्रयोग महाराष्ट्रात झालाच. कर्जतजवळच्या खैरात गावातल्या शाळेत 2007 मध्ये हे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. पेरू देशाने तर लाखोंनी घेतले. तिथल्या ग्रामीण शाळांचा मोठा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला: गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. मुलाच्या हाती यंत्र देऊन बाजूला होता येत नाही, हे घरालाही लागू आहे.

पण त्या गाजावाजाने बाजाराला जाग आली. तैवानच्या आसुसने 2007 च्या शेवटी 'ई पीसी' काढला. सात इंचांचा पडदा, 512 एमबी रॅम, 4 जीबी साठवण, आत लिनक्स. मायक्रोसॉफ्ट गडबडलं. निरोप द्यायला काढलेलं विंडोज एक्सपी त्यांनी अशा छोट्या यंत्रांसाठी स्वस्तात चालू ठेवलं, पण अट घातली: रॅम 1 जीबीपेक्षा जास्त नको, पडदाही ठरल्यापेक्षा मोठा नको. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. स्वस्त लॅपटॉप कमजोर होता, आणि महागड्या लॅपटॉपची विक्री बुडू नये म्हणून तो मुद्दाम कमजोर ठेवलाही गेला.

पुढचं थोडक्यात. 2010 मध्ये आयपॅड आला आणि या नेटबुकांची हवा गेली. 2011 मध्ये दिल्लीत 'आकाश' टॅबलेटचा थाटात शुभारंभ झाला. 256 एमबी रॅम आणि जोरात दाबावा लागणारा पडदा. 2014 पासून 2 जीबी रॅम आणि 32 जीबी साठवणीचे विंडोज लॅपटॉप आले. त्यांत विंडोजनेच इतकी जागा खाल्लेली की पुढच्या अपडेटसाठी पेनड्राइव्ह लावावा लागायचा. साठवण बोर्डावर डाग देऊन पक्की केलेली, बदलता येत नाही.

म्हणून किंमतीआधी विचारायचं ते हे, की काय छाटलंय? बॉडी प्लास्टिकची, वजन जास्त, रूप जुनाट, हे चालतं. रॅम 4 जीबी आणि वाढवायची सोय नाही, एसएसडीऐवजी 64 जीबी ईएमएमसी, हे चालत नाही. दोन वर्षांत कपाटात जाणारं यंत्र कितीही स्वस्त असलं तरी तो इसराफच. रोजच्या घरकामाला 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी आणि फुल एचडी पडदा पुरतो.

एवढ्यात नवा बसत नसेल तर कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. हे ऑफिससाठी बनलेले असतात. बहुतेकांचे स्क्रू काढून बॅटरी, एसएसडी बदलता येते. मात्र विंडोज 10 ची नियमित सुरक्षा अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, आणि विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. दुकानदार 'आय फाइव्ह आहे' म्हणाला की 'कितव्या पिढीचा?' हे विचाराच. बायॉसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, हे समोर चालू करून बघा, आणि पक्कं बिल घ्या.

आपल्या घरांत आणखी एक बाब असते, उर्दूची. कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी 1981 मध्ये नूरी नस्तालीक कॉम्प्युटरवर आणलं. दिल्लीत बनलेलं इनपेज 1994 पासून उर्दू छपाईवाल्यांचं रोजचं साधन झालं. घरात कोणी उर्दू शाळेचे पेपर किंवा जलशाची पत्रकं करून चार पैसे कमवत असेल, तर क्रोमबुक स्वस्त दिसलं तरी थांबा. इनपेज विंडोजवर चालतं, मराठी डीटीपीवाल्यांची श्रीलिपीही तशीच. नुसतं युनिकोडमध्ये लिहायचं असेल, तर कुठलंही यंत्र चालेल.