एक दगड, दोन रंग

6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या दख्खनवर तुम्ही उभे आहात. सह्याद्री नाही, भीमा नदी नाही, घोड नदी नाही. जमीन लांबच लांब फाटली आहे आणि त्या फटींतून लाव्हा वर येऊन सपाट पसरतो आहे. जवळ जाववत नाही. थर थिजतो, मग पुष्कळ काळ काहीच घडत नाही. तेवढ्या अवधीत थराचा माथा झिजून लालसर होतो आणि पुढचा लाव्हा येऊन तो भाजून काढतो. आपल्या घाटांतल्या कापलेल्या दरडींत दोन काळ्या थरांमधला तांबडा पट्टा दिसतो ना, तो हाच. पुढच्या वेळी गाडी थांबवून त्यावर हात ठेवा.

आता कोट्यवधी वर्षं ओलांडून महाबळेश्वरच्या पठारावर या. सरी उभ्या कोसळताहेत. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. इतकं पाणी युगानुयुगं मुरलं की बेसाल्टमधला चुना, मॅग्नेशियम, सिलिका सगळं वाहून जातं. मागे उरतं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणजे तांबडा जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. कोकणातली घरं त्याच्याच चिऱ्यांनी उभी राहिली.

पाठ फिरवून पूर्वेला चालत राहा. डोंगर मागे पडला की पाऊस एकदम ओसरतो. मंगळवेढ्याला पोहोचेपर्यंत महाबळेश्वरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरतो. दगड तोच आहे. पण इथे धुऊन न्यायला पुरेसं पाणी नाही, म्हणून चुना आणि मॅग्नेशियम मागे राहतात आणि त्यांच्या सोबतीने काळी चिकणमाती तयार होते.

वाट जरा उत्तरेला वळवली की घोड नदीकाठी इनामगाव लागतं. इसवी सन पूर्व 1300 च्या सुमाराचं. कुडाची चौकोनी घरं, शेतात जव, पुराचं पाणी वळवायला बांध आणि पाट. तीनेक शतकं पुढे सरका, त्याच जागी लहान गोल झोपड्या दिसतात. शेती आखडली आहे, माणसं गुराढोरांवर जास्त विसंबली आहेत. उत्खनन करणाऱ्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी याचं कारण घटलेल्या पावसात शोधलं.

आणि आता मंगळवेढा, आजचा मार्गशीर्ष. ज्वारी पोटरीत आहे. पेरणीनंतर धड पाऊस नाही, तरी पानं हिरवीगार. शेतात खड्डा घेतलेला आहे, त्यात उतरा. वरची माती भुसभुशीत, खाली भेगा. एका भेगेत तुमचा हात कोपरापर्यंत जातो. आणखी खाली मातीच्या ढेकळांचे पृष्ठभाग गुळगुळीत, चकाकणारे आहेत. ही माती ओलीने फुगते, उन्हाने आकसते आणि दरवर्षी स्वतःवरच घासली जाते, त्याची ही झिलई. मध्येमध्ये चुनखडीचे पांढरे खडे. रंग काळा म्हणून शेणखताने भरलेली असेल असं वाटतं, पण सेंद्रिय अंश इथे कमीच असतो. तिची श्रीमंती ओल धरण्यात आहे. भादव्या-आश्विनात मुरलेलं पाणी ती थंडीभर ज्वारीला पुरवते. मात्र भेगा उघड्या राहिल्या तर तीच ओल उडून जाते, म्हणून शेतकरी कोळपं धरून भेगा बुजवतो आहे. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं म्हणतात.

याच रानांच्या जोरावर मंगळवेढ्याची कोठारं भरलेली असायची. बहामनी काळातल्या दुष्काळात इथले अंमलदार दामाजीपंत यांनी तीच लोकांसाठी उघडली, असं परंपरा सांगते.

शेजारच्या रानात चला. इथे कालवा आला, ऊस आला, पाटाचं पाणी रात्रंदिवस. काळी माती पाणी धरते, पण लवकर सोडत नाही. खालचे क्षार वर येतात आणि पृष्ठभागावर पांढरी खार फुटते. पाणी देणारा माणूस चुकीचा नव्हता, त्याला निचऱ्याबद्दल वेळेत कुणी सांगायला हवं होतं, याची मला फार खंत वाटते. जमीन चोपण झाली की चर खणावे लागतात, जिप्सम टाकावं लागतं, ताग-धैंचा गाडावा लागतो. ती सुधारते, पण वर्षं लागतात आणि तोवर त्या शेतकऱ्याच्या घरात ज्वारी विकत आणावी लागते.