दासगावची दुनळी

महामार्ग गाजायला लागण्याआधी दासगाव हे सावित्रीच्या खाडीवरचं बंदर होतं. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला निघालेले डॉ. आंबेडकर मुंबईहून बोटीनं आले ते इथंच उतरले. आमच्या आज्याची बंदूकही मुंबईहून याच वाटेनं आली.

इंग्रजांनी 1878 च्या कायद्यानं परवान्याशिवाय हत्यार बाळगणं बंद केलं. गावात राहिल्या त्या पीकराखणीच्या ठासणीच्या बंदुका. ठासणीची बंदूक स्वस्त खरी, पण पावसाळ्यात तिचा भरवसा नाही. दारू सर्द होते, टोपी नुसती टचकन वाजते. आणि एक बार झाला की दारू, चिंधी, छर्रा पुन्हा ठासेपर्यंत डुकरांचा कळप अर्धी खाचरं तुडवून पसार. म्हणून काडतुसाची दुनळी हवी. पहिला बार हवेत, कळप उठवायला. दुसरा राखून ठेवायचा, कारण बिथरलेला एकुलगा डुक्कर सरळ अंगावर येतो.

पण दुनळीला पैसा लागतो. आमच्याकडे होती एक बैलजोडी आणि थोडी वरकस. त्यामुळे जुनी बंदूक घ्यायची, तीही पारखून. आज्याला बरोबर घेऊन गेलेले शेजारचे तात्या पलटणीतले पेन्शनर. त्यांची पारख मी लहानपणी इतक्यांदा ऐकली की पाठ झाली. आधी नळ्या दस्त्यापासून सोडवायच्या, दोरीला टांगून बोटाच्या पेरानं ठोकायच्या. घंटेसारखा नाद आला तर दोन नळ्यांमधला जोड शाबूत. भद्द वाजली तर झाळ सुटलेली. मग उजेडाकडे धरून आतून बघायचं, गंजाचे खड्डे किंवा पोचा आहे का. पुन्हा जोडून बिजागरीशी हलवून बघायची. खुळखुळली तर दुकानदारानं कितीही तेल चोपडलेलं असो, परत द्यायची. नक्षीला भुलायचं नाही. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी वेलबुट्टी दिसते ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी. ती काळ्या दारूच्या काळातली, तिच्यात बिनधुराचं नवं काडतूस घालणं म्हणजे हाताची बोटं पणाला लावणं. चाचणीचा शिक्का कुठल्या दारूचा आहे ते वाचल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत.

"बंदूक दिसाय नको, वाजाय पायजे," असं तात्या म्हणत.

आणली ती बारा बोअरची, बाहेर घोडे असलेली, दस्त्याला तडा जाऊन पितळी पट्टी मारलेली. (बारा बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. हे गणित मला शाळेतल्या कुठल्याही गणितापेक्षा आधी कळलं.) बारा बोअर घेतली कारण तिची काडतुसं कुठंही मिळत. पुढं खडकीच्या कारखान्यातली 'शक्तिमान' आली. कागदी काडतूस मात्र आमच्या हवेत फुगायचं आणि नळीत जायचंच नाही. आई ती चुलीवरच्या फळीवर डब्यात ठेवी, मिरच्यांशेजारी. आगीच्या वर दारू! पण फुगलं नाही कधी.

1959 च्या कायद्यानं परवाना चालू राहिला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागू लागली. तेव्हापासून आमच्या बंदुकीचं काम बहुतेक आवाजाचंच. 1980 च्या दशकात परदेशी बंदुकांची आयात अडली तसा जुन्या इंग्रजी बंदुकांचा भाव चढला, आणि साध्या शेतकऱ्याला ईशापूरच्या सरकारी कारखान्याची बंदूक बरी वाटू लागली. ती दिसायला ओबडधोबड, वजनाला जड. पण तात्यांच्या कसोटीवर ती घासायला माझी हरकत नाही.

खरी अडचण आता निराळीच. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. विधानसभेचं मतदान 2004, 2009, 2014 आणि 2019 ला ऑक्टोबरात झालं. ऑक्टोबरात आमचं भात पिकून उभं असतं. त्या रात्री आम्ही माळ्यावर पत्र्याचे डबे बडवत बसायचो, आणि चांगली नादणारी दुनळी ठाण्याच्या खोलीत, चिठ्ठी बांधून, भिंतीला टेकलेली असायची.